कोरड्या लाह्या

रविवारी संध्याकाळी आमच्याकडे कुणी स्वयंपाक करत नाही. दुपारी चर्चमधून आल्यावर भाजलेलं मांस, बटाटे, दाट रस्सा, वर केक असं तडस लागेपर्यंत जेवण झालेलं असतं. त्यामुळे संध्याकाळी मक्याच्या लाह्या आणि चिरलेली सफरचंदं, बस्स. आयोवाच्या या पश्चिम टोकाला घरोघर हेच चालतं. लोखंडी भांड्यात डुकराची चरबी तापवायची, ओंजळभर दाणे टाकायचे, झाकण दाबून भांडं हलवत राहायचं आणि तडतड थांबली की वरून वितळलेलं लोणी आणि मीठ. माझा नवरा ड्वेन चाळीस एकरांत लाह्यांचाच मका लावतो. सिनेमाला जाऊन लोक पुडीभर लाह्यांचं कौतुक करतात ते पाहिलं की मला हसूच येतं.

म्हणून चौऱ्याऐंशीच्या जानेवारीच्या शेवटी युनिसने जेव्हा जाहीर केलं की लाह्या खाऊन माणूस बारीक होतो, तेव्हा मी तिच्या तोंडावर हसले.

"हसू नकोस, मार्डेल," ती म्हणाली. "लाह्यांनी तुमचं काही वाकडं केलेलं नाही. केलंय ते तुमच्या लोण्याने."

युनिसने तीस वर्षं शाळेत टायपिंग शिकवलं. निवृत्त झाल्यावर बडवायला काही उरलं नाही, तेव्हा तिने आम्हाला घेतलं. 'हलकी पावलं' हे आमचं वजन उतरवायचं मंडळ तिनेच काढलेलं. दर मंगळवारी साडेसहाला चर्चच्या तळघरात आम्ही चौदा बायका जमतो, बूट काढतो, पट्टे काढतो, कानातले काढतो (लव्हॉनने तर एकदा कवळी काढून ठेवली होती) आणि पडद्यामागच्या काट्यावर चढतो. वजन किती ते युनिस कुणाला सांगत नाही. वाढलं की उतरलं आणि कितीने, एवढंच मोठ्याने पुकारते. वाढलं तर छातीवर गुलाबी कागदाचं डुक्कर टाचायचं आणि उभं राहून आठवडाभरात काय काय खाल्लं ते सगळ्यांसमोर सांगायचं. उतरलं तर टाळ्या. उतरलेलीला कुणी काही विचारायचं नाही, तसा नियमच आहे. तिने जाब कशाचा द्यायचा?

त्या मंगळवारी युनिसने प्रत्येकीला एकेक छापील कागद दिला. एक कप कोरड्या लाह्या म्हणजे फक्त तीस कॅलरी. मग टेबलावर एक यंत्र ठेवून तिने ते सुरू केलं. त्यात चरबी नाही, तेल नाही, नुसती गरम हवा. केस वाळवायच्या यंत्रासारखं ते घोंघावायला लागलं आणि त्याच्या चोचीतून लाह्या भांड्यात पडायला लागल्या. आम्ही एकेक तोंडात टाकली.

"कशी आहे चव?" युनिसने विचारलं.

"खोक्यात काचेच्या वस्तूंभोवती जे भरतात ना, त्याची असेल तशी," मी म्हटलं.

"मग मी वस्तूच खाते," असं आर्लिस म्हणाली आणि सगळ्या खिदळल्या.

आर्लिस ही माझी नणंद, ड्वेनची धाकटी बहीण. वय एक्कावन्न, शाळेच्या भटारखान्यात स्वयंपाकीण, गावातली निम्मी पोरं तिच्या हातचं खाऊन मोठी झालेली. मंडळात सहा वर्षं होती आणि सहा वर्षांत ते गुलाबी डुक्कर सगळ्यांत जास्त वेळा तिच्याच छातीवर चढलं असेल. "त्या टाचणीने माझ्या स्वेटरला भोक पडलंय," म्हणायची आणि काय खाल्लं ते अशा रंगात येऊन सांगायची की ऐकणाऱ्यांच्या तोंडाला पाणी सुटायचं. तिची मला कधी भीती वाटली नाही. आमच्यात बारीक व्हायची ती मीच होणार, हे दोघींनीही धरून ठेवलेलं होतं.

तर आम्ही सगळ्यांनी त्या कागदावर हात ठेवून शपथ घेतली. मेपर्यंत रोज संध्याकाळी जेवणाऐवजी तीन कप कोरड्या लाह्या. त्यासाठी प्रत्येकीने तसलंच एकेक यंत्रही विकत घेतलं. मेमध्ये जिचं सगळ्यांत जास्त उतरलेलं असेल ती वर्षाची राणी. पत्र्याचा मुकुट, अंगावर पट्टा आणि तालुक्याच्या साप्ताहिकात फोटो. हसायचं असेल तर हसा, पण मला तो मुकुट हवा होता. तीन पोरं, चाळीस एकर आणि एक सासू निभावून नेल्यावर माझा फोटो अजून कुठेही छापून आलेला नव्हता.

मी शपथ पाळली. ड्वेन समोर बसून तव्यावरचं मांस खायचा आणि मी घसा खरवडणाऱ्या लाह्या पाण्याबरोबर गिळायची. पहिल्या महिन्यात दोन पौंड उतरले, पुढे काटा जागचा हलेना.

आर्लिसचे पहिल्याच महिन्यात नऊ उतरले.

पहिल्यांदा युनिसने "आर्लिस, उतरलं, चार!" असं पुकारलं तेव्हा आधी कुणाचा विश्वासच बसला नाही. आर्लिस पडद्याबाहेर आली ती तोंडाचा आ करूनच. मग ज्या टाळ्या पडल्या, त्या वर चर्चमध्ये ऑर्गनचा सराव करणाऱ्या बाईलासुद्धा ऐकू गेल्या असतील. पुढच्या मंगळवारी पुन्हा तीन. त्यानंतर दोन. मग लव्हॉन तिच्या शेजारची खुर्ची धरून बसायला लागली.

"काय करतेस गं नक्की? पाणी किती पितेस?"

"भरपूर पिते बाई. लाह्यांना मीठ असतं ना, सारखी तहान लागते."

"लिहून घ्या, भरपूर पाणी," युनिस म्हणाली आणि खरंच दोघीतिघींनी लिहून घेतलं.

मार्चमधला दुसरा रविवार मला तारखेसकट आठवतो. आम्ही चौघं आर्लिसच्या घरी होतो. ती, मी, ड्वेन आणि तिचा नवरा व्हर्लिन. व्हर्लिन धान्याच्या कोठारावर काट्यावर असतो, शेतकऱ्यांच्या गाड्या तोलतो. माणूस मोजकं बोलणारा, पण बायकोचं कौतुक करायला त्या दिवसांत तोंड उघडायला लागला होता.

"एकोणीस पौंड," तो ड्वेनला म्हणाला. "तुझ्या बहिणीने एकोणीस पौंड उतरवले. माझ्या काट्यावर एखाद्या गाडीचं असं उतरलं असतं ना, तर मी आधी खाली वाकून बघितलं असतं, कुठे गळतंय का."

दोघे हसले. मीही हसले, पण तो 'गळतंय' शब्द डोक्यातून जाईना. का ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मी उठून स्वयंपाकघरात गेले.

आर्लिस शेगडीपाशी होती. पुढ्यात जुनं लोखंडी भांडं, बाजूच्या छोट्या पातेल्यात लोणी वितळत ठेवलेलं. अख्खी वडी.

"हे व्हर्लिनचं ना?" मी विचारलं.

तिने मागे वळून दाराकडे पाहिलं आणि चोरून जाम खाताना पकडलेल्या पोरीसारखी हसली. "ते यंत्र मी अजून खोक्यातून काढलंच नाही, मार्डेल."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! माझ्याने नाही खाववत ते कोरडं. रोज असंच खाते, जानेवारीपासून. चरबीत फोडते, लोणी ओतते, वर मुलांच्या जेवणातला उरलेला केक. आणि तरी उतरतंय! तूच सांग, मी काय करू? काट्याशी भांडू?"

"असं कसं होईल?"

"मला काय ठाऊक! देवाला दया आली असेल. सहा वर्षं डुक्कर लावून फिरले, त्याचा त्यालाच कंटाळा आला असेल." तिने लोणी ओतलं आणि मग माझं मनगट धरलं. "कुणाला बोलू नकोस हं. युनिसला कळलं तर मला राणी करायची नाही."

तिचा हात माझ्या मनगटावर होता. नऊ नंबरचे हातमोजे लागायचे तिला. त्या हाताची लग्नातली अंगठी मधल्या बोटात सरकवलेली होती आणि तिथेही ती सैल होती. मी ती पाहिली. व्हर्लिनचं बोलणं माझ्या कानात ताजं होतं. कुठलाही माणूस वडीभर लोणी खाऊन रोडावत नाही, हे कळायला मला डॉक्टर व्हायची गरज नव्हती.

आणि मी काय केलं? घरी गेले, यंत्र कपाटात टाकलं आणि मीसुद्धा लोण्याच्या लाह्या खायला लागले. हे सांगायला मला आज लाज वाटते, पण घडलं ते असं. मला वाटलं, तिला चालतं तर मला का नाही? म्हणजे मनाच्या एका कोपऱ्याला कळत होतं की हे काहीतरी वाईट आहे आणि बाकीचं सगळं मन म्हणत होतं की ही बया फसवून माझा मुकुट घेऊन चालली.

तीन आठवड्यांत माझे पाच पौंड वाढले. डुक्कर माझ्या छातीवर आलं. उभं राहून काय खाल्लं ते सांगायची पाळी आली तेव्हा मी नातवंडांसाठी आणून ठेवलेली इस्टरची चॉकलेटं पुढे केली. आर्लिसने माझ्याकडे पाहून डोळा मारला. डोळा मारला तेव्हा मला दिसलं की तिची पापणी किती पातळ झालीय.

एप्रिलमध्ये ती फार भराभर उतरायला लागली. आठवड्याला चार, पाच. तिच्या स्कर्टला कमरेपाशी आधी एक पिन होती, मग तीन झाल्या. युनिसने तिला वर्गासमोर उभं करावं तसं उभं केलं आणि म्हणाली, "गालाची हाडं बघा. एक्कावन्न वर्षं ही हाडं कुठे होती, आर्लिस?" टाळ्या. "दुसऱ्या गावच्या मंडळाने तुला बोलावलंय भाषणाला." टाळ्या. आर्लिस एका हाताने खुर्चीची पाठ धरून उभी होती आणि दुसऱ्या हाताने कमरेत चोळत होती. कंबर का चोळतेस असं लव्हॉनने विचारलं तर म्हणाली की भटारखान्यात पिठाचं पोतं उचललं. पिठाची पोती ती वीस वर्षं उचलत होती.

त्या महिन्यात रविवारी आमच्या घरी लाह्या होत्या तेव्हा मी मुद्दाम तिच्या वाडग्यात लोणी जास्त ओतलं. तिने वाडगा थोडा लांब सारला.

"नको गं. वासच नको वाटतो हल्ली."

"लोण्याचा?"

"सगळ्याचाच." मग ड्वेन बघतोय असं दिसल्यावर ती हसली. "बघ, शेवटी लागलीच सवय. आता मी खरंच कमी खाते. आता तरी फसवणूक नाही ना?"

लोण्यावर लोणी ओतून खाणारी बाई. चर्चच्या जेवणात सगळ्यांचं झाल्यावर भांडी निपटून खाणारी बाई. तिने सात-आठ लाह्या खाल्ल्या असतील, त्यासुद्धा एकेक, औषध घ्यावं तशा. ती गेल्यावर ड्वेन बराच वेळ खिडकीशी उभा होता.

"आर्लिस आईसारखी दिसायला लागलीय," तो म्हणाला.

"चांगलं आहे की."

"शेवटच्या वर्षी आई दिसायची ना, तशी."

"वजन उतरल्यावर सगळ्यांचेच चेहरे उतरतात," मी म्हटलं आणि नळ मोठा सोडून वाडगे घासायला घेतले. नळ कशासाठी मोठा सोडला ते मला माहीत आहे. त्याने आणखी काही बोलू नये म्हणून.

मी एकदा फोन उचलला होता, खोटं कशाला बोलू. एका दुपारी तिला म्हणणार होते की डॉक्टरकडे जाऊन ये, मी येते बरोबर. तिने फोन उचलला आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "मार्डेल, अगं युनिस म्हणते मुकुट माझाच! चाळीसच्या वर गेलेय मी. व्हर्लिन नवा ड्रेस घेणार म्हणतोय. आयुष्यात पहिल्यांदा दुकानात टांगलेला ड्रेस मला होणार." मी म्हटलं, वा. मी म्हटलं, कुठला रंग घेणार. निळा, ती म्हणाली. आम्ही पंधरा मिनिटं निळ्या रंगावर बोललो.

मुकुटाचा मंगळवार मेच्या दुसऱ्या आठवड्यात आला. बाहेर सगळीकडे पेरण्या चालू होत्या, रस्त्यावर ट्रॅक्टरांच्या मागे माती. तळघरात युनिसने कागदाच्या माळा लावल्या होत्या आणि मधल्या टेबलावर कोरड्या लाह्यांचा डोंगर रचला होता. साप्ताहिकाचा फोटोवाला सातला येणार होता. आर्लिस निळ्या ड्रेसमध्ये होती. तो तिने दहा दिवसांपूर्वी घेतला होता आणि आता तोही तिच्या खांद्यांवरून घरंगळत होता. तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नव्हता. मला वाटलं तळघरातल्या दिव्यांमुळे असेल. मग मी इतरांच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्यांचे पांढरे होते.

आधी वजनं झाली. "आर्लिस, उतरलं, सहा! एकूण सत्तेचाळीस!" टाळ्या थांबेनात. लव्हॉन तर उठून उभी राहिली. मग मी चढले.

"मार्डेल, वाढलं, तीन." युनिसने डुक्कर टाचलं. टाचताना तिने ते नीट सरळ केलं. "बोल, काय खाल्लं?"

मी उभी राहिले. खरं सांगते, बोलायचं ठरवून मी उभी राहिले नव्हते. माझ्या मनात पुन्हा चॉकलेटंच होती. पण समोर टेबलाच्या त्या टोकाला मुकुट होता, त्याच्याशेजारी ते पिवळे डोळे होते आणि माझ्या छातीवर डुक्कर. राग आला होता की भीती वाटली होती, मला अजूनही सांगता येत नाही. दोन्ही एकाच वेळी वर आलं.

"लाह्या खाल्ल्या," मी म्हटलं. "लोणी घालून. रोज वडीभर."

"अरे देवा," कुणीतरी म्हणालं.

"आर्लिस खायची तेच खाल्लं. तिने एक दिवससुद्धा कोरड्या खाल्ल्या नाहीत. यंत्र अजून खोक्यात आहे तिचं. मी तिचंच खाल्लं आणि माझे आठ वाढले, तिचे सत्तेचाळीस उतरले. हे कुणी मला समजावून सांगेल का?"

माझा आवाज वाटला त्यापेक्षा मोठा निघाला. मला वाटलं, झालं, आता कळलं सगळ्यांना. मग युनिसचा चेहरा लाल झाला.

"आर्लिस, खरं आहे हे?"

आर्लिसने घरंगळलेला ड्रेस खांद्यावर वर ओढला.

"शपथ घेतली होतीस तू! त्या कागदावर हात ठेवून! मी तुझं नाव दुसऱ्या गावाला कळवलंय!"

"आम्ही चार महिने भुसा चावतोय," लव्हॉन म्हणाली, "आणि ही लोणी ओरपतेय!"

"आणि तू गं मार्डेल," मागून कुणीतरी म्हणालं, "आजच बरं तोंड उघडलंस? मुकुटाच्या दिवशी?"

"दुसरं काय," युनिस म्हणाली. तिला आता दोघींवरही तोंडसुख घ्यायचं होतं. "नणंद राणी होतेय ना, म्हणून हिच्या पोटात दुखतंय."

तळघर हसलं. दोन-चार जणींनी तर टाळ्यासुद्धा वाजवल्या.

"माझ्या दुखतंय," आर्लिस म्हणाली.

ती इतक्या हळू बोलली की हसणाऱ्यांना ते ऐकूच गेलं नाही. तिने पुन्हा म्हटलं.

"पोटात माझ्या दुखतंय. इस्टरच्या आधीपासून. इथून सुरू होतं आणि पाठीत जातं." तिने निळ्या ड्रेसवरून हात फिरवून दाखवला. "मला वाटलं, कमी खाल्लं की असंच दुखत असेल. तुम्हा सगळ्यांचं दुखत असेल, तुम्ही बोलत नाही एवढंच. तुमचं दुखतं ना?"

बाकी तेरा बायकांपैकी कुणीही हो म्हणालं नाही. लव्हॉन खाली बसली. युनिसच्या हातात मुकुट होता, तो कुठे ठेवावा ते तिला कळेना. तेवढ्यात वर जिन्यावर फोटोवाल्याच्या बुटांचा आवाज आला.

पुढचं लवकर झालं. आमच्या डॉक्टरने तिला दुसऱ्याच दिवशी ओमाहाच्या मोठ्या इस्पितळात पाठवलं. तिथे चार दिवस तपासण्या झाल्या. निकाल सांगायला बोलावलं त्या दिवशी तिने व्हर्लिनला सांगितलंच नाही, म्हणाली अजून एक एक्स-रे काढायचा राहिलाय. "तो रडायला लागेल आणि मग मला त्याचं बघावं लागेल," असं मला म्हणाली. "तू ने मला." त्या मंगळवारनंतर ती माझ्याशी पहिल्यांदाच बोलत होती. दोन तासांच्या रस्त्यात आम्ही पिकांवर बोललो. ड्वेनचा लाह्यांचा मका वर यायला लागला होता.

सर्जन तरुण होता, चांगला होता. त्याने कागदावर चित्र काढून दाखवलं, पोटाच्या मागे आडवं काहीतरी, त्यावर एक गाठ, आणि गाठीतून निघालेले बाण. मग त्याने विचारलं, "वजन कधीपासून उतरतंय?"

"फेब्रुवारीपासून," आर्लिसने सांगितलं.

"आणि कुणाला..." त्याने माझ्याकडे पाहिलं आणि वाक्य सोडून दिलं. "फेब्रुवारीत, अगदी मार्चमध्ये आला असता, तर कापून काढायचा प्रयत्न केला असता. आता काय करू शकतो ते मी सांगतो." आणि तो सांगत राहिला. ते फारसं नव्हतं.

आम्ही गाडीत येऊन बसलो. मी किल्ली लावली पण फिरवली नाही. आर्लिस समोरच्या भिंतीकडे बघत होती. तिच्या मांडीवर ते चित्र होतं, घडी घातलेलं.

"एक विचारू?" ती म्हणाली. "खरं सांग. तुला कधी कळलं?"

"मंगळवारी. तुझे डोळे बघून."

"खरं सांग म्हटलं."

बाहेर कुणीतरी गाडी लावत होतं, मागे-पुढे, मागे-पुढे.

"मार्चमध्ये," मी म्हटलं. "तुझ्या स्वयंपाकघरात. तुझी अंगठी सैल झाली होती."

तिने हाताकडे पाहिलं. अंगठी आता तिथे नव्हतीच, ती तिने दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती.

"मला नाही कळलं गं," ती म्हणाली. "मी वेडी, खूश होते. सगळ्या कौतुक करायच्या. पण तुला कळलं होतं. दोन महिने तुला कळलेलं होतं. मग बोलली का नाहीस?"

माझ्याकडे कारणं होती. कुणाला बोलू नकोस असं तिनेच सांगितलं होतं. मी काही डॉक्टर नव्हते. बोलले असते तरी ती ऐकती ना. दोन तास गाडी चालवताना मी ती सगळी ओळीने मांडून ठेवली होती. पण ती माझ्याकडे त्या पिवळ्या डोळ्यांनी बघत होती आणि त्यातलं एकही माझ्या तोंडातून बाहेर पडेना.

"जळत होते मी तुझ्यावर," मी म्हटलं.

तिला आधी समजलंच नाही. "कशासाठी?"

"तुझं उतरत होतं. माझं नव्हतं उतरत."

आर्लिस माझ्याकडे बघत राहिली. ती ओरडेल असं मला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. हसेल असंही वाटलं, कारण ती कशावरही हसायची. तिने नुसतं दार उघडलं, एका हाताने छताला धरून सावकाश उतरली आणि मागचं दार उघडून मागच्या सीटवर बसली.

"मला आडवं व्हायचंय," ती म्हणाली. "चल आता."

मी गाडी काढली. मागे ती झोपली होती की जागी होती ते गाव येईपर्यंत मी आरशात बघितलं नाही.